जुनी बॅटरी भंगारात देण्याआधी थांबा! तिच्यावर घरचा बॅकअप चालतो, पण आधी या गोष्टी तपासा

मे महिना संपत आला की मराठवाड्यात रोज एकच खेळ सुरू होतो. दिवसभर ऊन तापतं, चार-पाचच्या सुमाराला आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि लाईट जाते. परभणी जिल्ह्यातलं पालमही त्याला अपवाद नाही. गंगाखेड आणि लोह्याच्या मधला, गोदावरीकाठचा हा तालुका. कुठे झाड तारेवर पडतं, कुठे डीपीचा फ्यूज उडतो आणि मग वायरमनची वाट बघत सगळं गाव अंगणात बाज टाकून बसतं.

मोबाईल १० टक्क्यांवर आलेला असतो, वायफाय बंद असतं, लहान लेकरू घामाघूम झालेलं असतं.

आणि त्याच घराच्या कोपऱ्यात ट्रॅक्टरची काढून ठेवलेली बॅटरी पडून असते. शेजारी फवारणी पंपाची असते, बंद पडलेल्या यूपीएसची असते. भंगारवाला आला की किलोवर देऊन टाकायची, एवढंच तिचं भविष्य ठरलेलं.

पण या बॅटऱ्या खरंच संपलेल्या असतात का? बऱ्याच वेळा नसतात. त्यातून दोन-तीन तासांचा घरचा बॅकअप उभा राहू शकतो. फक्त कोणती बॅटरी घ्यायची, कोणती नाही आणि ती कुठे जोडायची नाही, हे माहीत नसेल तर फुकटातला बॅकअप जीवावर बेतू शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

जुगाड नवा नाही

जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. तेव्हा गावात टीव्ही एखाद-दुसरा आणि लाईटचा भरवसा नाही. पण त्या काळातले छोटे ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही १२ व्होल्टवरही चालायचे. मग रविवारी सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी काढायची, टीव्हीला चिमटे लावायचे आणि अख्ख्या गल्लीने रामायण बघायचं, असे किस्से मराठवाड्यातल्या जुन्या लोकांकडे आजही ऐकायला मिळतात.

पुढे २००१ मध्ये दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प बंद पडला. त्यानंतरच्या वर्षांत राज्यात विजेचा तुटवडा वाढत गेला आणि 'भारनियमन' हा शब्द पोराटोरांच्या तोंडी बसला. घरोघरी इन्व्हर्टर आले ते याच काळात. २०१३ च्या दुष्काळात तर शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

आज परिस्थिती तेवढी वाईट नाही. पण फॉल्ट, वादळ आणि दुरुस्तीसाठी लाईट जातेच. आणि या सगळ्यात एक मोठा बदल झालाय तो म्हणजे एलईडी. पूर्वी एका खोलीला ६० वॉटचा पिवळा बल्ब लागायचा, आता ७ ते ९ वॉटमध्ये तेवढाच उजेड पडतो. म्हणजे जी बॅटरी जुना बल्ब एक तास चालवायची, ती आज एलईडी सहा-सात तास सहज चालवते. थकलेली बॅटरी कामाला येते ती यामुळेच.

बॅटरी 'बसली' म्हणजे नेमकं काय झालं?

ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही, तेव्हा आपण म्हणतो बॅटरी बसली. पण स्टार्टर फिरवायला काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर करंट लागतो. एवढा दणका देण्याची ताकद तिच्यात उरलेली नसते. याउलट एका एलईडी बल्बला अर्ध्या-पाऊण अँपिअरमध्ये भागतं. ज्या पैलवानाला आता कुस्ती झेपत नाही, तो पाण्याची घागर तर उचलूच शकतो, तसंच हे.

मग बॅटरी खरी मरते कशाने? शिशाच्या म्हणजे लेड-ॲसिड बॅटरीत प्लेटा आणि ॲसिड असतं. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि चार्ज केली की तो पुन्हा विरघळतो. पण उतरलेली बॅटरी तशीच महिनोन्महिने पडून राहिली, तर हा थर कडक होतो आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाही. याला सल्फेशन म्हणतात.

म्हणून पहिला नियम: बॅटरी गाडीतून काढली त्याच आठवड्यात तपासा. दोन वर्षं कोपऱ्यात पडलेल्या बॅटरीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

घरात सापडणाऱ्या बॅटऱ्या कोणत्या?

इन्व्हर्टरची ट्यूबुलर बॅटरी: सगळ्यात चांगली. हिच्या प्लेटा जाड असतात आणि ती हळूहळू, तासन्‌तास करंट देण्यासाठीच बनवलेली असते. मोठं घर चालवायला थकली तरी एका खोलीला पुरू शकते.

ट्रॅक्टर किंवा जीपची बॅटरी: हिच्या प्लेटा पातळ असतात. काम चालतं, पण पूर्ण उतरवली की लवकर खराब होते. म्हणून हिला अर्ध्यापेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही.

फवारणी पंप, झटका मशीन, यूपीएसची सीलबंद बॅटरी: कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात या ढिगाने सापडतात. १२ व्होल्ट आणि साधारण ७ ते १२ एएचच्या असतात. पंखा-बल्ब जमणार नाही, पण अर्धा जीव जरी उरला असेल तरी वायफाय राउटर तीनेक तास चालतो.

लॅपटॉप, ई-स्कूटरची लिथियम बॅटरी: हिचा विषय पूर्ण वेगळा आहे. तो पुढे येतोच.

किती जीव उरलाय, कसं मोजायचं?

आधी डोळ्यांनी बघा. बॅटरी फुगलीय, तडा गेलाय, ॲसिड गळतंय, तर तिथेच विषय संपला. ती वापरायची नाही.

पाणी टाकायची बॅटरी असेल तर झाकणं उघडून पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडेपर्यंत डिस्टिल वॉटर टाका. बोअरचं पाणी टाकलं तर त्यातले क्षार प्लेटांची वाट लावतात. ॲसिड तर अजिबात टाकू नका, कारण कमी होतं ते पाणी असतं. पातळी पूर्ण करायची ती चार्जिंग झाल्यावर.

मग बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि कशालाही न जोडता रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मल्टिमीटरने व्होल्टेज बघा.

१२.६ च्या आसपास: बॅटरीत दम आहे, पुढची परीक्षा घ्या.
१२.२ च्या खाली: पूर्ण चार्ज करूनही एवढंच असेल तर ती थकलेली आहे.
१०.५ च्या आसपास: सहा सेलपैकी एक मेलाय. एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट, तेवढेच कमी दिसतात. अशी बॅटरी भंगारातच द्या.

पण नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका. १२.६ दाखवणारी बॅटरीही लोड टाकला की १० मिनिटांत झोपू शकते. खरी परीक्षा बल्बची.

गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घ्या. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. बॅटरीला जोडा, वेळ लिहून ठेवा आणि व्होल्टेज ११.५ वर आलं की बंद करा. हा बल्ब प्रचंड तापतो, त्यामुळे तो फरशीवर किंवा विटेवर ठेवा.

समजा बल्ब पाच तास चालला. पाच गुणिले साडेचार म्हणजे साडेबावीस एएच. बॅटरीवर ७५ एएच छापलं असेल, पण आज तिची खरी ताकद एवढीच. तासाभरात बल्ब मावळला तर ती बॅटरी बॅकअपच्या कामाची नाही, हेही त्यातच कळतं.

हिशोब कागदावर मांडा

साडेबावीसपैकी रोज निम्मेच वापरायचे, म्हणजे सव्वाअकरा एएच. त्याला १२ व्होल्टने गुणलं की १३५ वॉट-अवर होतात. ही तुमची शिदोरी.

आता ७ वॉटचे दोन बल्ब, १५ वॉटचा छोटा डीसी पंखा, ९ वॉटचा राउटर आणि ७ वॉटचा मोबाईल चार्जर धरा. बेरीज ४५ वॉट. १३५ भागिले ४५, म्हणजे तीन तास. एका फॉल्टची रात्र बऱ्यापैकी निघून जाते.

त्याच बॅटरीवर ७५ वॉटचा छताचा पंखा आणि ६० वॉटचा टीव्ही लावला तर तासभरही चालणार नाही. कारण १२ व्होल्टचे २३० करताना इन्व्हर्टर स्वतःच काही वीज खातो. म्हणून जुन्या बॅटरीवर शक्यतो १२ व्होल्टचीच उपकरणं चालवा. मधला तोटाही वाचतो आणि २३० व्होल्टचा झटका बसण्याचा धोकाही राहत नाही.

राउटर थेट बॅटरीला जोडताना त्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघा. चार्जिंग चालू असताना बॅटरीचं व्होल्टेज १४ च्या वर जातं, त्यात राउटर जळू शकतो. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा डीसी कन्व्हर्टर लावायला हवा. मोबाईलसाठी गाडीत लावतात तो यूएसबी चार्जर पुरतो.

जोडताना काय काळजी घ्यायची?

पहिली गोष्ट फ्यूज. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण धोका शॉकचा नसून आगीचा आहे. बॅटरीची दोन टोकं एकमेकांना टेकली की शेकडो अँपिअर करंट धावतो, वायर लालबुंद होते आणि शेजारी गादी किंवा कापसाचं बोचकं असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणून पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात गाडीतला १० अँपिअरचा फ्यूज लावा आणि वायर २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वापरा. काम करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

दुसरी गोष्ट हवा. चार्जिंगच्या वेळी शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के जरी झाला तरी एका ठिणगीवर पेटतो. म्हणून बॅटरी झोपायच्या खोलीत, बंद कपाटात किंवा देवघराजवळ ठेवायची नाही. दिवा, अगरबत्ती, विडी यातलं काहीही जवळ नको. उघड्या पडवीत, सावलीत ठेवली तर उत्तम. सावली यासाठी की उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं.

तिसरी गोष्ट ॲसिड. झाकण उघडताना चष्मा आणि हातमोजे घाला. डोळ्यात थेंब गेला तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि सरळ दवाखाना गाठा.

चौथी गोष्ट, बॅटऱ्यांची खिचडी नको. एक ट्रॅक्टरची, एक इन्व्हर्टरची, दोन्ही जोडून ताकद वाढेल असं वाटतं. प्रत्यक्षात शेजारी-शेजारी जोडल्या तर चांगली बॅटरी आपला करंट थकलेल्या बॅटरीत ओतत बसते. एकामागे एक जोडल्या तर कमजोर बॅटरी आधी उतरते, उलटी चार्ज होऊ लागते आणि तापते. वेगवेगळ्या वयाच्या आणि क्षमतेच्या बॅटऱ्यांना वेगवेगळी कामं द्या.

पाचवी गोष्ट चार्जिंग. चार्जर आपोआप बंद होणारा हवा. तो १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करून नंतर १३.६ च्या आसपास स्थिर ठेवतो. करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. १०० वॉटचं सोलर पॅनल लावणार असाल तर मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, कारण १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनल उन्हात २० व्होल्टच्या वर जातं. बऱ्याच कंट्रोलरमध्ये बॅटरी फार उतरली की लोड तोडण्याची सोयही असते. पण तो बराच उशिरा तोडतो, त्यामुळे १२ व्होल्टच्या खाली गेली की आपणच बटण बंद करायची सवय लावा.

लिथियमचं काय?

लॅपटॉपची बॅटरी उघडली की आत बोटाएवढे गोल सेल निघतात. त्यांना १८६५० म्हणतात, कारण ते १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतात. पॅकमधला एखादा सेल खराब झाला तरी अख्खी बॅटरी फेकली जाते, बाकीचे सेल चांगलेच असतात.

याचा अभ्यास आपल्याच देशात झालाय. आयबीएमच्या भारतातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'उर्जार' नावाचं उपकरण बनवलं. फेकलेल्या लॅपटॉप बॅटऱ्यांच्या तपासणीत त्यांना आढळलं की किमान ७० टक्के बॅटऱ्या एक एलईडी दिवा रोज चार तासांहून जास्त, असं वर्षभर चालवू शकतात. हे उपकरण बंगळुरूच्या रस्त्यावरच्या विक्रेत्यांना वापरायला दिलं. त्यांना ते आवडलं, फक्त मागणी आली ती उंदीर कुरतडणार नाहीत अशा वायरींची आणि जास्त उजेडाच्या बल्बची!

मग घरी करायला काय हरकत? हरकत अशी की शिशाची बॅटरी चूक सहन करते, लिथियम करत नाही. या सेलला ४.२ व्होल्टच्या वर चार्ज केलं किंवा दाबलं, भोसकलं, शॉर्ट केलं, तर आतल्या आत उष्णता वाढत जाते आणि सेल पेटतो. एक पेटला की शेजारचे पेटतात. २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल वरून ठीक दिसतो, पण त्यात आतून शॉर्ट होण्याचा धोका असतो. असा सेल पुन्हा चार्ज करायचा नाही.

त्यामुळे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस नावाची सर्किट पट्टी, सारख्या क्षमतेचे निवडलेले सेल आणि स्पॉट वेल्डिंग या तीन गोष्टींशिवाय लिथियमला हात लावू नका. सेलवर थेट सोल्डरिंगची इस्त्री टेकवली तर आतलं सील जळतं. ई-स्कूटरचा पॅक तर उघडायच्या भानगडीतच पडू नका. तो ४८, ६०, ७२ व्होल्टचा असतो आणि तिथे हात थरथरला तरी मोठी ठिणगी उडते.

लिथियमच हवं असेल तर बीएमएस बसवलेली, वॉरंटीची तयार बॅटरी घेणं स्वस्त पडतं, कारण घर त्याहून महाग असतं.

सगळ्यात मोठी चूक: उलटा करंट

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काही जण छोटा इन्व्हर्टर आणतात आणि दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर बनवतात. एक टोक इन्व्हर्टरला, दुसरं घरातल्या बोर्डाच्या सॉकेटला. मेन स्विच पाडायचा आणि सगळं घर उजळायचं, असा हा जुगाड.

पण अंधारात, घाईत, एखाद्या दिवशी मेन स्विच पाडायचं राहून जातं. मग तुमचा करंट मीटरमधून उलटा बाहेर, खांबावरच्या तारेत जातो. डीपी ११ हजार व्होल्टचे २३० करते, तशीच ती उलट्या बाजूने आलेल्या २३० चे हजारो व्होल्टही करू शकते. शेजारच्या घरांचा लोड आला की छोटा इन्व्हर्टर बहुतेक वेळा ट्रिप होतो. पण तार मध्येच तुटली असेल, फक्त तुमच्याच घराची सर्व्हिस वायर जोडायची असेल, तर तो ट्रिप होत नाही. आणि त्याच वेळी लाईन बंद आहे असं समजून कुणीतरी खांबावर चढलेलं असतं.

महावितरण त्यांना जनमित्र म्हणते, गाव वायरमन म्हणतं. बऱ्याच गावांत त्यांच्या हाताखाली काम करणारा, कुठल्याच नोंदीत नसलेला 'झिरो वायरमन'ही असतो. त्याच्या हातात रबरी मोजे असतीलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

म्हणून घरचा बॅकअप घराच्या वायरिंगला जोडायचाच नाही. त्याची वायर वेगळी, बल्ब वेगळा, पंखा वेगळा. पूर्ण घरच चालवायचं असेल तर लाईट गेल्यावर बाहेरची लाईन आपोआप तोडणारा कंपनीचा इन्व्हर्टर घ्या आणि तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.

भंगारातून बॅटरी घेताना

घरच्या बॅटरीचा इतिहास माहीत असतो. भंगारातून घेतली तर तो माहीत नसतो. मोबाईल टॉवरच्या, सोलर पंपाच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरीला जातात आणि शेवटी कुठेतरी स्वस्तात विकल्या जातात. चोरीचा माल माहीत असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून पावती असेल तरच घ्या.

आणि बॅटरी खरंच मेली तर? ती फोडून शिसं काढायच्या फंदात पडू नका. शिशाची धूळ आणि धूर सगळ्यात जास्त लहान मुलांना बाधतात, त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीनपैकी एका मुलाच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक पातळीवर आहे आणि जुन्या बॅटऱ्या नीट न हाताळणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. ॲसिड नालीत ओतलं तर ते शेवटी जमिनीत आणि विहिरीतच जातं.

२०२२ पासून देशात बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम लागू आहेत. त्यानुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे, तर ग्राहकाने त्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्यायच्या आहेत. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला द्या, बिलात तेवढी सूटही मिळते. आणि हो, स्वतःच्या घरासाठी जुनी बॅटरी वापरणं वेगळं. जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून विकायचा धंदा करायचा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते.

थोडक्यात काय, तर बॅटरी आधी मोजा, मग वापरा. फ्यूजशिवाय जोडू नका, झोपायच्या खोलीत ठेवू नका, घराच्या बोर्डात घुसवू नका. एवढं पाळलं तर ट्रॅक्टरने नाकारलेली बॅटरी आणखी काही महिने उजेड देईल. तो संपला की ती दुकानदाराच्या हवाली करा.